नीरा, शरयू आणि...? तिसऱ्या बाळासाठी नाव सुचवा

भोरकाठ

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं इथं नुसती वाचत आले, आज पहिल्यांदाच धागा काढतेय. काही चुकलं तर सांभाळून घ्या.

मोठी नीरा, नऊ वर्षांची. धाकटी शरयू, पाचची. आता आठवा महिना सुरू आहे. नीराचं नाव आम्ही ठरवून ठेवलं होतं, कारण यांचं गाव भोर तालुक्यात, नीरेच्या काठी. शरयूच्या वेळी मात्र नदीबिदी काही डोक्यात नव्हतं. यांच्या आजीचं नाव होतं, आवडलं, ठेवलं. बारशाला कुणीतरी म्हणालं, "अगंबाई, दोन्ही नद्याच की!" आणि तेव्हापासून आमचं घर नद्यांचं झालं. आता जो भेटतो तो एक नदी सांगून जातो. परवा भाजीवाल्या मावशींनी मेथी निवडता निवडता 'पवना' सुचवली.

मुलगी झाली तर एक वेळ ठीक, पण मुलगा झाला तर? नद्या सगळ्या बायकाच. शिवाय सासूबाई म्हणतात, दोन नावं तुमच्या मनासारखी झाली, आता एक खंडोबाचं होऊ दे. (कुलदैवत जेजुरी.) नवऱ्याला काहीही चालतं, म्हणजे त्याला विचारण्यात अर्थ नाही. आणि नीराबाईंनी जाहीर केलंय की आपल्याला विचारल्याशिवाय नाव ठेवायचं नाही, मागच्या वेळी विचारलं नव्हतं. मागच्या वेळी ती चार वर्षांची होती.

मुलाचं, मुलीचं दोन्ही सुचवा. तीन अक्षरांत बसलं तर बरं, आमचं आडनाव लांबलचक आहे.

ठाणेकर_२

उल्हास. नदी आहे, पुरुष आहे, कर्जत-बदलापूर-कल्याणवरून वाहते आणि एक अख्खं शहर तिच्या नावावर आहे. काम झालं.

मोगरा

उल्हास?! डोळ्यांसमोर एकदम उल्हासकाका उभे राहिले. बँकेतून निवृत्त, हातात दुधाची पिशवी.

ठाणेकर_२

मग शोण आणि ब्रह्मपुत्र आहेत. यांना 'नद' म्हणतात, पुल्लिंगी. सिंधूही नदच, पण मराठीत सिंधू म्हटलं की मावशीच येते. ब्रह्मपुत्रला घरात 'ब्रह्म्या' म्हणा. (दिवे घ्या, म्हणजे हलकेच घ्या.)

रो_रो

नाव ठरवण्याआधी एक प्रयोग करा. गॅलरीत उभं राहून तिन्ही नावं एकामागून एक मोठ्यानं हाका मारून बघा, रागात.

माझा अनुभव सांगतो. आम्ही जुळे. आईवडिलांनी हौसेनं रोहन आणि रोहित ठेवलं. आई 'रोऽऽ' म्हणेपर्यंत दोघंही हात झटकून मोकळे, प्रत्येकाला वाटायचं दुसऱ्याला बोलावतेय. पुढं आई नुसतं "मोठा!" आणि "बारका!" ओरडायला लागली. अंतर अकरा मिनिटांचं. आज बेचाळिशीत आहे आणि अजून गावी मला बारकाच म्हणतात. एवढ्या यमकाचा उपयोग काय झाला मग?

तुमच्या मुलींची नावं त्या बाबतीत छान आहेत. नीरा दोन अक्षरी, शेवटी आकार. शरयू तीन अक्षरी, शेवटी ऊकार. तिसऱ्याला 'मीरा' किंवा 'नीरजा' तेवढं ठेवू नका.

मोगरा

+१. आमच्या सोसायटीत अन्वी, अन्वया आणि अन्विता अशा तीन बहिणी आहेत. कुरियरवाला येतो तेव्हा बघण्यासारखं असतं.

जुनी_पोथी

भावंडांची नावं जुळवायची हौस आपल्याकडं आजची नाही. सगळ्यात मोठं उदाहरण आळंदीचं. निवृत्ती, ज्ञानदेव, सोपान, मुक्ता. क्रमानं वाचा: आधी निवृत्ती, मग ज्ञान, मग सोपान म्हणजे जिना, आणि शेवटी मुक्ती. चार मुलांत एक अख्खी वाट. असं पुन्हा कुणाला जमलेलं नाही.

मालोजीराजे भोसल्यांचे दोन मुलगे शहाजी आणि शरीफजी. नगरच्या शहा शरीफ या पिराच्या नवसाचे, म्हणून एकाच नावाचे दोन भाग दोघांना वाटून दिले, असं सांगतात. चापेकर बंधू घ्या: दामोदर, बाळकृष्ण, वासुदेव. तिघंही कृष्णाचे, आणि वडिलांचं नाव हरी! सावरकरांकडं गणेश आणि विनायक, दोन्ही गणपतीच, आणि धाकटा नारायण.

तेव्हा धागाकर्तीनं नद्या चालू ठेवाव्यात. परंपरा आहे.

चहाटळ

पोथीबुवा, सावरकरांना एक बहीणही होती. मैना. भावांची नावं देवांची, बहिणीचं पक्ष्याचं. परंपरा आहे, बरोबर.

जुनी_पोथी

मुद्दा मान्य. पण मैना गोड नाव आहे हो.

सूरपेटी

मंगेशकरांचं पण बघा ना. लता, मीना, आशा, उषा. चारही दोन अक्षरी, चारही आकारान्त. आणि पाचवा एकदम हृदयनाथ! गंमत म्हणजे लताबाईंचं जन्माचं नाव हेमा, लता नंतर झालं. म्हणजे हेमा राहिलं असतं तरी माळ तुटली नसती.

अवांतर: जुन्नरकडं नारायणगावाला मीना नावाची नदी आहे. भोरकाठ, घ्या, जुनं नाव आणि नदीही.

व्युत्पत्ती_वेडा

एक कळकळीची विनंती. नावांच्या ॲपवर अर्थ बघू नका. तिथं वाट्टेल त्या नावाला 'विष्णूचा अंश' किंवा 'सूर्याचा पहिला किरण' असा अर्थ चिकटवलेला असतो. रेयांश घ्या. अंश ठीक आहे, पण 'रे' म्हणजे किरण हे संस्कृतात कुठून आलं? ते इंग्रजीतलं. अर्धा भटजी, अर्धा साहेब! विहानला तरी हिंदीतल्या बिहानचा, पहाटेचा आधार आहे. नीरामागं सरळ 'नीर' आहे, पाणी. असं नाव ठेवलेल्या माणसांनी आता तिसऱ्याला कियांश-बियांश ठेवलं तर मी हा धागा सोडून जाईन.

स्पष्टवक्ता

राग मानू नका, पण दोन मुलींवर तिसरं म्हणजे मुलासाठीच चान्स घेतला असणार. मग मुलाचंच नाव शोधा ना, उगाच दोन्ही कशाला.

भोरकाठ

चान्स घेतला नाही हो, चान्सनं झालं. हे मी पहिल्या पोस्टमध्ये लिहिणार होते, मग म्हटलं इथं तरी कशाला खुलासा द्यायचा. बाहेर रोज देतेच. लिफ्टमध्ये देते, शाळेच्या गेटवर देते, सोनोग्राफीला गेले तर बाहेर बाकावर बसलेल्या अनोळखी बाईला दिला. दोन्ही नावं मागतेय कारण आपल्याकडं आधी कळत नाही, आणि कळूही नये.

मोगरा

शाब्बास. स्पष्टवक्ता, धाग्यावर नावं सुचवायची आहेत, नावं ठेवायची नाहीत.

फळा_खडू

स्पष्टवक्त्यांच्या प्रतिसादावरून आठवलं म्हणून लिहिते, जरा लांबेल.

सातारा जिल्ह्यात शिक्षिका होते. नोकरीला लागले त्या वर्षी पहिलीच्या वर्गाची हजेरी घेत होते. एका मुलीचं नाव वाचलं आणि थांबले. 'नकुसा'. मला वाटलं कारकुनाचं अक्षर. पुन्हा विचारलं तर पोरीनं हात वर केला, "मीच." मोठ्या बहिणी त्याच शाळेत, तिसरीत आणि चौथीत. एकीचं नाव अश्विनी, दुसरीचं रोहिणी. बघा ना, पहिली नक्षत्र, दुसरी नक्षत्र, आणि तिसरी 'नको असलेली'. आईवडिलांना नावं सुचत नव्हती असं नाही. सत्तावीस नक्षत्रं आहेत, चांगली पंचवीस शिल्लक होती.

२०११ च्या ऑक्टोबरमध्ये जिल्ह्यात अशा २८५ मुलींची नावं एका कार्यक्रमात बदलली. तुमच्यापैकी कित्येकांनी पेपरात वाचलं असेल. तोवर माझी नकुसा शाळेतून निघून गेली होती. तिचं पुढं बदललं का, मला माहीत नाही.

पूर्वी दगडू, धोंडू, भिकू ठेवायचे त्याचं कारण वेगळं होतं. मुलं जगत नसत, म्हणून मरणाची नजर लागू नये असं ओबडधोबड नाव द्यायचे. त्यात पोर हवं असायचं. नकुसात ते नव्हतं.

भोरकाठ, तुम्ही तिसऱ्यासाठी एवढा धागा काढलात ते बघून मला फार बरं वाटलं. नाव कुठलंही ठेवा.

भोरकाठ

बाई, काय बोलू. वाचून दाखवलं सासूबाईंना. काही बोलल्या नाहीत, आत जाऊन दूध तापवत बसल्या. त्या चौघी बहिणींतल्या तिसऱ्या.

आजीबाई_वाईवाल्या

मी नातवाच्या मोबाइलवरून लिहीत आहे. शुद्धलेखन बघू नये.

आमचं माहेर वाईजवळ. महाबळेश्वरला पंचगंगेच्या देवळात कृष्णा, वेण्णा, कोयना, सावित्री, गायत्री अशा पाच नद्या निघतात. आमच्या वडिलांनी पहिल्या मुलीचं नाव कृष्णा ठेवलं आणि नंतर थांबता येईना. मी कोयना. माझ्यामागची वेणू, खरं वेण्णा, पण बोलायला वेणूच. मग सावित्री. पाचवीला गायत्री ठेवायचं ठरलं होतं, पण पाचवा भाऊ झाला. त्याचं गजानन केलं. तो जन्मभर म्हणायचा, मी एकटाच कोरडा.

आता पुढचं ऐका. त्या काळी लग्नात नाव बदलत. ताटात तांदूळ पसरून अंगठीनं नवऱ्यानं नवं नाव लिहायचं. कृष्णाची झाली सुशीला, माझं केलं मालती. वेणूचं सुनंदा. सावित्रीचं तेवढं ठेवलं, तिच्या सासूला ते पसंत होतं. मला सासरी कुणी कोयना म्हणून हाक मारली नाही. रेशनकार्डावर मालती, आधारवर मालती. पण दिवाळीला माहेरी गेलं की अंगणातून आई हाक मारायची, कृष्णे, कोयने, वेणे. तेवढे चार दिवस आम्ही नद्या.

सावित्रीला पोलादपूरला दिली. बाकी आम्ही घाटावर. वडील म्हणत, नदीनं आधीच दाखवलं होतं की ही कोकणात जाणार.

आता कृष्णा आणि मी, दोघीच आहोत. फोन केला की ती अजून विचारते, कोण, कोयना का? म्हणून वाटतं, भावंडांची नावं एकत्र शोभावीत हे खरं आहे. उपयोग नसतो काही. पण हाक मारणारं कुणी असेल तर असतो.

चहाटळ

आजी, सावित्री पोलादपूरला हे जरा जास्तच जुळून आलंय. खरं सांगा हं.

आजीबाई_वाईवाल्या

पोलादपूरजवळच्या खेड्यात. खोटं वाटत असेल तर तिच्या मुलाला विचार, तिकडेच आंब्याचा धंदा करतो.

खाडीवरचा

वेगळ्या बाजूनं लिहितो. जुन्या घरांत भावंडांची नावं जुळतात की नाही हा प्रश्नच नसे, कारण नावानं हाक मारायचंच नाही. नाना, तात्या, आप्पा, अण्णा, भाऊ, बापू. बायकांत ताई, माई, अक्का. वडील वारले तेव्हा वारसनोंदीसाठी सातबारा काढला. त्यावर सहा नावं. तलाठी विचारतो यातले तुमचे वडील कोणते, ते सांगितलं. मग विचारतो बाकीचे कोण, आणि आम्हा दोघा भावांना सांगता येईना की पांडुरंग म्हणजे आप्पा की तात्या! आईला फोन लावला. तिला दोन माहीत होते. ती म्हणाली, "मी कधी नावानं हाक मारलीय का रे दिरांना?"

त्यामुळं कागदावर काय ठेवता त्याचं फार ओझं घेऊ नका. एक सांगा, घरात शरयूला काय म्हणता?

भोरकाठ

पिंकू. 🙈 आणि नीराला बाई. खरंच, कागदावरची नावं आम्ही फक्त रागावताना वापरतो.

पंचांग_पान

नावरस अक्षराचा विचार केलेला दिसत नाही. जन्मवेळेच्या नक्षत्राच्या चरणावरून अक्षर निघतं. अश्विनी चू चे चो ला, रोहिणी ओ वा वी वू, मघा मा मी मू मे, चित्रा पे पो रा री. त्यामुळं जन्माआधी नाव ठरवणं चुकीचंच.

चहाटळ

आणि आर्द्रेत 'ङ' आहे, हस्तात 'ण' आहे. ङ वरून सुचवा बरं एक नाव.

पंचांग_पान

अशा वेळी जवळचं अक्षर घेतात. किंवा पत्रिकेत वेगळं, व्यवहारात वेगळं. आमच्याकडं सगळ्यांची दोन नावं आहेत. थट्टेचा विषय नाही.

पानमंजिरी

गोव्यातनं लिहितंय. मांडवी कुणीच कसं सुचवलं नाही? आमची नदी वर सत्तरी तालुक्यात म्हादई आणि पणजीला येईस्तोवर मांडवी. शिवाय रामायणात भरताची बायको मांडवी. आणि शरयू अयोध्येची! एका दगडात दोन पक्षी झाले बघा.

वऱ्हाडी_ठेचा

तुमच्या पश्चिम महाराष्ट्रातून बाहेर या राजेहो. कृष्णा-कोयना झाली, मुळा-मुठा होईन आता. आमच्या नद्या कोणाले आठवतच नाहीत. पूर्णा आहे, वैनगंगा आहे, गडचिरोलीकडं प्राणहिता आहे. प्राणहिता! आहे का तुमच्याकडं एवढं सुंदर नाव? लांब पडन म्हणता तर वर्धा घ्या. आता वर्धा ठेवा म्हणत नाही, लोक म्हणतील गाव आहे. पण वर्धेचं जुनं नाव वरदा. कालिदासाच्या 'मालविकाग्निमित्रा'त विदर्भाची वाटणी होते न दोघा भावांत, ती वरदेच्या काठानं. तीन अक्षरं, नदी, वर देणारी म्हणून तुमच्या सासूबाईले देवाचं पण. अजून काय पाहिजे?

मोगरा

वरदा! हे बसतंय. नीरा, शरयू, वरदा. गॅलरी चाचणी केली आत्ताच, शेजारचा कुत्रा भुंकला पण छान वाटलं.

जुनी_पोथी

वऱ्हाडी ठेचा, मान गये. दोघे चुलत भाऊ, यज्ञसेन आणि माधवसेन.

आणि मुलगा झाला तर मल्हार. खंडोबा झाला, सासूबाई खूश. शिवाय मल्हार हा पावसाचा राग. खंडोबाचं नाव मल्ल दैत्यावरून आलेलं, रागाशी त्याचा संबंध नाही, पण ऐकणाऱ्याला पाऊस ऐकू येतोच. दोन नद्या आणि वर पाऊस.

रो_रो

मल्हार उत्तम, फक्त हाकेला एकदम पाच पोरं वळतील याची तयारी ठेवा. माझ्या मुलाच्या वर्गात दोन मल्हार, बसमध्ये तिसरा.

टेम्सकाठी

इंग्लंडमधून. आमची अनुभवी अडचण: दोघांची आद्याक्षरं सारखी ठेवू नका. आरोही आणि अद्वैत. इथं सगळी पत्रं आद्याक्षर आणि आडनाव एवढ्यावर येतात. दातांच्या डॉक्टरचं बोलावणं आरोहीचं समजून तिला घेऊन गेले, तर दात अद्वैतचा बघायचा होता. शाळा बुडवून बसलेल्या आरोहीनं मला अजून माफ केलेलं नाही.

आणि कुणी मुलं पुढं परदेशी जातील असं धरून चालत असाल तर 'आर्ष' नको. अर्थ ऋषींचा असला तरी इथं वर्गात भलताच ऐकू येतो. नीरा मात्र इथंही कुणी चुकवत नाही.

टेबल_नंबर_४

नाव नंतर शोधत बसा, आधी कागदाचं बघा. जन्माची नोंद २१ दिवसांत व्हायला हवी, पण त्यात बाळाचं नाव नसलं तरी चालतं. नाव बारा महिन्यांत दिलं तर विलंब शुल्क लागत नाही, पुढं पंधरा वर्षांपर्यंत शुल्क भरून देता येतं. तेव्हा दवाखान्यातल्या फॉर्मवर घाईनं काहीतरी लिहून मोकळं होऊ नका. एकदा लिहिलेलं बदलताना राजपत्रापर्यंत जावं लागतं. ऑक्टोबर २०२३ नंतर जन्मलेल्यांना शाळा, पासपोर्ट सगळीकडं जन्मदाखलाच मुख्य धरला जातो, म्हणून वेलांटी-उकार तपासून घ्या. 'शरयु' की 'शरयू' यावरून लोक माझ्या टेबलाला तीन-तीन फेऱ्या मारतात.

अजून एक, जे कुणीच लिहिलं नाही. १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या नावापुढं आधी आईचं नाव, मग वडिलांचं, मग आडनाव असा क्रम महाराष्ट्रात सक्तीचा आहे. तुमच्या दोन्ही मुली त्याआधीच्या. म्हणजे त्या दोघींच्या नावात तुम्ही नाही आणि तिसऱ्यात आहात. जुळवायचंच असेल तर हे कसं जुळवणार ते बघा.

भोरकाठ

अगं बाई. हे लक्षातच नव्हतं. आत्ता मोठ्यानं म्हणून बघितलं, माझं नाव मध्ये घालून. विचित्र वाटलं, मग पुन्हा दोनदा म्हटलं. नीरा म्हणाली, "मग आमच्या नावात तू का नाहीस?" मी म्हटलं तेव्हा तसा नियम नव्हता. तिनं तिच्या वहीवर स्वतःच घातलं. बाईंनी लाल गोल केला तर बघू.

आता न्यायालयाचा निकाल. नीराला सगळी नावं वाचून दाखवली. तिची एकच कसोटी: शाळेत काय म्हणून चिडवतील. तिला पहिलीपासून "नीरा घ्या थंडगार नीरा" ऐकावं लागलंय, त्यामुळं अधिकारवाणीनं बोलते. मांडवी बाद, मांडव म्हणतील. पूर्णा बाद, पुरणपोळी. प्राणहिता बाद, प्राणी. मीना बाद, कारण मीना नावाच्या बाई गणित शिकवतात. वरदाला थोडा विचार केला. म्हणाली, "वर जा म्हणतील. पण एवढं चालतं, मी सांगेन तिला काय उत्तर द्यायचं." मल्हारला काहीच चिडवता येत नाही म्हणून संशयानं मंजूर.

सासूबाईंना दोन्ही चालतील. त्यांचं म्हणणं फक्त, मुलगी झाली तर बानू हे पाळण्यातलं एक नाव हवं, खंडोबाची बाणाई. पाळण्यात काय, चार ठेवा.

शरयूचं मत कुणी विचारलं नाही म्हणून ती सोफ्यामागं बसली आहे.

खाडीवरचा

पिंकूला आमचा पाठिंबा कळवा.

भोरकाठ

सगळ्यांना उशिरा कळवतेय, दीड महिना झाला. मुलगी. दोघी ठीक आहोत. दवाखान्यात पेढे वाटायला सासूबाई स्वतः गेल्या. खालच्या मजल्यावरच्या एका बाईंनी पेढा हातात घेऊन "तिसरीही?" म्हटलं, तर त्यांच्या हातातला पेढा परत घेतला म्हणे. मी पाहिलं नाही, नवऱ्यानं सांगितलं.

नाव वरदा. वऱ्हाडी ठेचा, तुमचे आभार मानायला आईनं खास सांगितलंय. नक्षत्र हस्त निघालं, चौथा चरण, अक्षर 'ठ'. पंचांग_पान, हसू नका. गुरुजी दोन नावं सांगत होते, एक ठमा आणि दुसरं मला आठवतही नाही. सासूबाईंनीच सांगितलं, ते पत्रिकेतच राहू द्या.

बारसं बाराव्या दिवशी घरीच केलं. वरवंट्याला टोपडं-झबलं घालून 'गोविंद घ्या, गोपाळ घ्या' सुरू झालं तशी शरयू घाबरली, तिला वाटलं बाळ पाळण्याखालून देतायत. आत्यानं कुर्र करून कानात वरदा सांगितलं, बायकांनी तिच्या पाठीत धपाटे घातले, मग बानूही झालं. सगळ्या घुगऱ्यांकडं वळल्या तेव्हा शरयू पाटावर चढली, पाळण्यात वाकली आणि बाळाच्या दुसऱ्या कानात हात आडवा धरून काहीतरी सांगितलं. काय सांगितलंस विचारलं तर सांगत नाही. नीरानं स्वतःची कंपासपेटी देऊ केली, तरी नाही. रोज रात्री दिवा मालवल्यावर त्याच कानाशी जाते आणि हळूच हाक मारते. बाळ वळतं. म्हणजे आम्हाला तसं वाटतं.

आजीबाई_वाईवाल्या

आशीर्वाद. विचारू नका तिला.

फळा_खडू

अभिनंदन! पेढ्याचं वाचून मन भरलं. सासूबाईंना माझा नमस्कार सांगा.

चहाटळ

ठमा! हसून हसून पुरेवाट. अभिनंदन हो.

टेबल_नंबर_४

अभिनंदन. दाखल्यावर 'वरदा'च आहे ना, 'वर्दा' नाही ना, ते आजच बघून घ्या.

नवीन_सदस्य_११

छान धागा. माझ्या मुलाचं नाव कबीर आहे, दुसऱ्यासाठी क वरून मुलीचं नाव सुचवा. मॉडर्न हवं. अर्जंट आहे.

व्युत्पत्ती_वेडा

नवीन धागा काढा. आणि कियारा म्हणू नका.